मेंदूच्या आजारांवरील संशोधनासाठी सरकारी पैसा : एका पानाच्या निवेदनात नेमके काय मागावे?

अपर्णा_कोथरूड | शनिवार, सकाळी ७.५०

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघ आणि कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या घरच्यांचा एक लहान गट मिळून खासदारांना निवेदन देणार आहोत. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरील संशोधनासाठी केंद्र सरकारने अधिक निधी द्यावा, असा विषय आहे. बँकेत असताना मी पत्रे बरी लिहीत असे, असा सर्वांचा समज असल्यामुळे मसुद्याचे काम माझ्याकडे आले. एका पानापेक्षा जास्त कोणी वाचत नाही, हे बँकेतच शिकले आहे. पहिला परिच्छेद झाला आणि हात थांबला. ‘अधिक निधी’ म्हणजे किती, कोणाला आणि कशासाठी, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

आई ७६ वर्षांची आहे आणि अकरा वर्षांपासून तिला कंपवात आहे. सकाळची लेव्होडोपाची गोळी मी खाचेवर नख दाबून अर्धी करते आणि दुधाच्या आधी तासभर देते, कारण पोटात प्रथिने असली की गोळीचा गुण उशिरा येतो. स्वयंपाकघराच्या दारात तिचे पाय फरशीला खिळल्यासारखे होतात. तिथे मी लाल चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारल्या आहेत. सपाट फरशीवर न उचलणारा पाय त्या रेघेवरून मात्र उचलला जातो. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडली तरी डोळ्यांनी पाहून पाऊल टाकण्याची वाट बरीचशी शाबूत असते, असे डॉक्टरांनी समजावले. चिकटपट्टी अगदी स्वस्त आहे, पण ही गोष्ट कळावी म्हणून कोणीतरी, कुठेतरी, बराच काळ पैसे खर्च केले असणार.

जाणकारांनी सांगावे : तुम्ही काय मागितले असते?

खडूस_पेठकर | शनिवार, सकाळी ९.१५

सही करायला माझी हरकत नाही, कारण सही फुकट असते. मागणीशी मात्र मी सहमत नाही. युरोपीय संघाने २०१३ साली मानवी मेंदूचा प्रकल्प सुरू केला, दहा वर्षांत सुमारे ६० कोटी युरो खर्च केले, आणि सुरुवातीला बोलून दाखवलेला ‘संगणकातला संपूर्ण मेंदू’ काही उभा राहिला नाही. असले खेळ श्रीमंतांनी खेळावेत. त्यांनी शोध लावावा, पेटंट संपले की आपण ते औषध स्वस्तात बनवावे, हा धंदा आपल्याला जमलेला आहे. आपले सरकारी पैसे औषधांवर आणि खाटांवर जाऊ द्यावेत.

माजी_छात्र | शनिवार, सकाळी १०.०२

अपर्णाताई, मी काही वर्षे पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत मज्जापेशींवर काम केले. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. (का आहे, ते पुढे ओघात येईलच.)

पेठकरकाकांना तुमच्या आईच्या गोळीचीच गोष्ट सांगतो. आपल्याकडे सर्पगंधा ही वनस्पती उन्माद आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली तिच्या रक्तदाबावरील गुणाचा अनुभव ब्रिटनच्या हृदयविकारविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसले. मग लेव्होडोपा टोचल्यावर तेच ससे काही मिनिटांत हिंडू लागले. हे १९५७ साल. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि त्याच्या अभावाने हालचाल थांबते, हे यातून उलगडत गेले. दहा वर्षांच्या आत लेव्होडोपा माणसांवर यशस्वी ठरले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

मुळी आपली, पहिला मोठा अनुभव मुंबईच्या डॉक्टरांचा, पण पुढचा प्रश्न विचारण्याची सोय स्वीडनमध्ये होती. ‘त्यांनी शोधावे, आपण बनवावे’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे, इतकेच.

जुना_सदाशिव | शनिवार, सकाळी १०.२०

थोडक्यात, ससा आपला असता तर नोबेलही आपले असते. निवेदनात सशांची मागणी करावी.

वैद्य_मु | शनिवार, सकाळी ११.४०

सशांच्या जोडीला खाजकुयलीही मागावी. थट्टा सोडली तर तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते, हे मद्रासमधील संशोधकांनी १९३७ सालीच नोंदवले आहे. कंपवातात कपिकच्छू, म्हणजे हीच खाजकुयली, देण्याची वैद्यांची परंपरा अगदीच निराधार नव्हती. मात्र धागा वाचून कोणी बाजारातील चूर्ण सुरू करू नये. एका बीमध्ये किती लेव्होडोपा आहे, हे जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलते, आणि आधीच गोळी चालू असलेल्या रुग्णाला मात्रा दुप्पट होऊन वेड्यावाकड्या हालचाली किंवा भास सुरू होऊ शकतात. प्रमाणित मात्रेच्या मोठ्या चाचण्या हव्यात आणि त्या करण्यात कोणत्याही कंपनीला रस नाही, कारण कुंपणावरच्या वेलीचे पेटंट मिळत नाही. अशा ठिकाणीच सरकारी पैसा लागतो, असे माझे मत आहे.

डॉ_शिरूर | शनिवार, दुपारी ३.३०

मी पेठकरांच्या बाजूने थोडे आणि विरुद्ध थोडे बोलणार आहे. एकोणीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करतो. माझ्याकडे फिट येणारे रुग्ण कंपवातापेक्षा कितीतरी अधिक येतात. मागच्याच महिन्यात एका नववीतल्या मुलीला वडील घेऊन आले, तेव्हा तिच्या मुठीत लोखंडी किल्ली घट्ट बसवलेली होती आणि ओढणीला कांद्याचा वास होता. तीन वर्षे हेच चालले होते. तिला जे औषध लिहून दिले, ते १९१२ सालापासून वापरात आहे आणि आज त्याची किंमत चहापेक्षा जास्त नाही. देशात अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, एक कोटीहून अधिक रुग्ण मानले जातात. त्यांतील अनेकांच्या बाबतीत नव्या रेणूची वाट पाहण्याची गरज नाही. असलेली गोळी त्यांच्यापर्यंत का पोचत नाही, पोचली तर सहा महिन्यांत का सुटते, हा संशोधनाचा विषय आहे. शिवाय फीत-कृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हे आपल्याकडे अपस्माराचे एक मोठे कारण आहे, आणि श्रीमंत देशांत तो प्रश्न फारसा नसल्यामुळे त्यांचा पैसा तिकडे वळण्याची आशा कमी.

एक आकडा निवेदनासाठी देतो. भारतातील राज्यांचा आजारभार मोजणारा अभ्यास २०२१ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला. असंसर्गजन्य मज्जाविकारांचा एकूण आजारभारातील वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता, तो २०१९ मध्ये ८.२ टक्के झाला. मज्जासंस्थेच्या आजारांत सर्वांत मोठा वाटा पक्षाघाताचा आहे.

खडूस_पेठकर | शनिवार, दुपारी ४.०५

डॉक्टर, हे तर माझेच म्हणणे झाले. गोळी पोचवा. त्याला संशोधन कशाला म्हणायचे?

डॉ_शिरूर | शनिवार, रात्री ९.५०

कारण ‘पोचवा’ म्हटल्याने ती पोचत नाही, आणि पोचवण्याची कोणती युक्ती चालते, हे आपल्याला वाटते त्यापेक्षा अवघड असते. पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाला दुसरा झटका येऊ नये म्हणून लघुसंदेश, ध्वनिचित्रफिती आणि एक पुस्तिका द्यावी, असा विचार कोणालाही पटेल. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पैशाने देशातील ३१ केंद्रांवर, बारा भाषांत, ४,२९८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. फरक पडला नाही, म्हणून ती मुदतीआधी थांबवावी लागली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

खडूस_पेठकर | शनिवार, रात्री १०.१०

म्हणजे लघुसंदेश कोणी वाचत नाही, हे शोधायला सरकारने पैसे मोजले. मी घरबसल्या फुकट सांगितले असते.

माजी_छात्र | शनिवार, रात्री १०.२५

आपण सांगितले असते, काका, पण आपला नमुना एका माणसाचा आहे. ही चाचणी झाली नसती, तर तीच पुस्तिका देशभर छापून वाटण्यात याहून कितीतरी अधिक पैसा गेला असता, आणि विमोचन समारंभ झाला असता तो वेगळाच.

धायरीकर | रविवार, सकाळी ८.३०

आमच्या बाजूच्या लोकांना हा विषय वेगळ्या रीतीने शिकावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जाविकाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. माझ्या धाकट्या भावाला आधी दोन दिवस जुलाब झाले, ते थांबले, आणि आठवड्याने त्याला चपलेचा अंगठा बोटात धरता येईना. संध्याकाळपर्यंत जिना चढता येईना. तो बरा झाला, पण शर्टाची बटणे लावायला त्याला एप्रिल उजाडला. त्यावरच्या औषधाच्या, इम्युनोग्लोब्युलिनच्या, बाटल्यांचे बिल काय झाले, ते इथे लिहीत नाही.

रुग्णांचे नमुने पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि काहींत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. त्याच्या बाह्य आवरणातील काही शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील शर्करांसारख्या दिसतात, त्यामुळे जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच नसांवर तुटून पडतात. हे सगळे मला त्या आठवड्यांत समजले. आपल्या गावात अशी संस्था होती म्हणून उत्तर लवकर मिळाले. ती साथ आल्यावर उभारता आली नसती.

विदर्भवासी | रविवार, सकाळी ९.४५

धायरीकर, तुमच्या शेवटच्या वाक्याला आमच्या जिल्ह्याचा पुरावा जोडतो. पाषाणची संस्था १९५२ साली आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू केली. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तिथल्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला, त्याला गावाचे नाव दिले आणि जपून ठेवला. पुढची जवळजवळ चार दशके त्याच्याकडे मोठा धोका म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. त्या काळात पेठकरांसारख्या हिशेबनिसाने विचारले असते की, या कुपीचा उपयोग काय, तर उत्तर देणे अवघड होते.

२००३ साली आंध्र प्रदेशात आणि आमच्याकडे विदर्भात मुलांना मेंदूज्वर होऊ लागला. सकाळी ताप, दुसऱ्या दिवशी बेशुद्धी. एकट्या आंध्रात नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. तो जुना चांदीपुरा विषाणूच आहे, हे पुण्यातच ओळखले गेले, कारण पडताळून पाहायला तो हाताशी होता. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला. मात्र त्यावर खास औषध किंवा लस अजूनही उपलब्ध नाही, ही गोष्टही निवेदनात यावी.

खडूस_पेठकर | रविवार, सकाळी १०.३०

या एका मुद्द्यावर मी माघार घेतो. कुपी जपायला पैसे द्यावेत. संगणकातल्या मेंदूला नाही.

संख्या_आणि_मी | रविवार, दुपारी १२.१५

पुण्याजवळच्याच सहा गावांचे उदाहरण कोणी दिले नाही, म्हणून देते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून तिथल्या गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे, हे त्यातून ठळकपणे दिसले. हे जीवनसत्त्व मज्जातंतूंच्या आवरणासाठी अत्यावश्यक असते. पुढे त्याच मुलामुलींना, ते स्वतः आईबाप होण्याआधीच, ब-१२ देऊन बाळांच्या मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हेही तपासले गेले. मूळ अभ्यासाला वेलकम ट्रस्टसारख्या परदेशी संस्थांच्या पैशाचा मोठा आधार होता. तीस वर्षे एकच गाव पुन्हा पुन्हा मोजायचे, तर तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानावर ते चालत नाही.

जुना_सदाशिव | रविवार, दुपारी १२.४०

परदेशी कशाला, आपले उद्योगपती आहेत की. इन्फोसिसच्या क्रिस गोपालकृष्णन यांच्या न्यासाने २०१४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी देऊ केले.

डॉ_शिरूर | रविवार, दुपारी १.३०

त्याबद्दल आदरच आहे, आणि कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या खेड्यांत वार्धक्यातील स्मृतीचा जो दीर्घ अभ्यास तिथे चालू आहे, तसा महाराष्ट्रात व्हावा अशी माझीही इच्छा आहे. पण दाता आपल्या मनाचा आजार निवडतो. डुकराच्या फीत-कृमीच्या नावाने न्यास काढणारा उद्योगपती मला अजून भेटायचा आहे.

लेखापाल_निवृत्त | रविवार, सायंकाळी ६.००

चर्चा ‘कशावर’ याभोवती फिरते आहे. मी पैशाच्या वाटेविषयी लिहितो. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी मिळाले आणि त्यातून आयसीएमआर व तिच्या संस्था चालतात. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाकडे, मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची बेंगळुरूची संस्था निम्हान्स थेट आरोग्य मंत्रालयाकडे, आणि आकलनविज्ञानाचा २००८ सालचा कार्यक्रम विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ साली झाला; पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट ठेवले, पण त्यांतील १४,००० कोटीच सरकारचे आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, दाते वगैरेंकडून यायचे आहेत. ‘पन्नास हजार कोटी दिले’ असे कोणी भाषणात म्हणाले, तर हे लक्षात ठेवावे.

इतक्या खिशांतून जाणाऱ्या पैशापैकी अपस्मारावर किती गेला आणि स्मृतिभ्रंशावर किती, याची एकत्र बेरीज अर्थसंकल्पाच्या कागदांत एका ओळीत येत नाही. अमेरिकेची वैद्यकीय संशोधनाला सरकारी निधी देणारी संस्था एनआयएच दरवर्षी तीनशेहून अधिक आजार आणि विषयांवरील खर्चाचा तक्ता जाहीर करते. तसा तक्ता मागायला एक पैसाही लागत नाही.

दुसरे म्हणजे ३१ मार्च. मंजूर रकमेचा हप्ता जानेवारीत यावा आणि न खर्चलेले पैसे मार्चअखेर परत जावेत, असा प्रकार मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे.

माजी_छात्र | रविवार, रात्री ९.१०

लेखापालसाहेब, तो हप्ता न आल्यावर दुसऱ्या टोकाला काय होते, ते मी सांगतो. अल्झायमरसारखा आजार उंदरात पाहायचा असेल, तर उंदीर म्हातारा व्हावा लागतो. आमचे उंदीर चौदा महिन्यांचे झाले होते. अठरा महिन्यांपर्यंत थांबायचे होते. त्याच वर्षी अनुदान अडकले. खाद्य आणि पिंजऱ्यात घालायचा भुसा काही आठवडे सरांनी स्वतःच्या खिशातून आणला, मग ते थांबले. एका गुरुवारी आम्ही ते उंदीर संपवले आणि जेवढ्या मेंदूंचे काप घेता आले, तेवढे घेतले. चौदा महिन्यांचा म्हातारपणाचा अभ्यास कोणतेही नियतकालिक छापत नाही. माझी शिष्यवृत्ती सात महिने थकली होती. कनिष्ठ छात्रांना आता महिना ३७,००० रुपये मिळतात हे चांगलेच आहे, पण घरमालकाला भाडे दर महिन्याला लागते. मी सॉफ्टवेअरमध्ये का आहे, त्याचे उत्तर हे.

न्यायाने हेही सांगायला हवे की, जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले गेले आणि सरकारी पोर्टलबाहेरून सामान घेण्याची मुभा संचालकांना मिळाली. प्रतिपिंडाची कुपी आणि कार्यालयीन खुर्ची एकाच नियमाने विकत घ्यावी लागत असे, ते आता सुटले.

मेधा_निगडी | सोमवार, सकाळी ७.१५

विषय पैशाचा आहे, तरी एक गोष्ट पैशाने मिळत नाही, ती लिहिते. निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. बाबांच्या स्मृतिभ्रंशाच्या काळात मी त्याबद्दल वाचले होते, पण ते गेले तेव्हा कोणाला फोन करायचा, हे सुचले नाही आणि वेळ निघून गेली. मेंदू काही तासांतच काढावा लागतो. पुण्यातून तो वेळेत पोचवण्याची काही सोय झाली, तर आमच्यासारखी घरे तयार असतील.

अपर्णा_कोथरूड | सोमवार, रात्री ९.००

सर्वांचे आभार. काल रात्री बसून मसुद्यातील पहिला परिच्छेद खोडला. ‘संशोधनासाठी अधिक निधी’ ऐवजी आता दोनच मागण्या ठेवल्या आहेत.

पहिली अशी की, मेंदू आणि मज्जासंस्थेच्या प्रत्येक प्रमुख आजारावर सर्व केंद्रीय विभागांनी मिळून किती खर्च केला, हे दरवर्षी एका तक्त्यात जाहीर करावे, म्हणजे पुढच्या वर्षी आम्हाला ‘अधिक’ हा शब्द आकड्यासह वापरता येईल. दुसरी अशी की, दीर्घकालीन अभ्यासांना किमान दहा वर्षांची हमी मिळावी आणि मंजूर हप्ता व छात्रांची शिष्यवृत्ती ठरलेल्या महिन्यातच द्यावी. इथे माजी_छात्र यांची चौदा महिन्यांच्या उंदरांची हकीकत, नाव न देता, तीन ओळींत घेतली आहे. चांदीपुराची कुपी आणि डॉक्टरांचा ८.२ टक्क्यांचा आकडाही बसला. खाजकुयलीला आणि मेधाताईंच्या सूचनेला या पानावर जागा उरली नाही; मेंदूदानाचे स्वतंत्र पत्र मी आणि मेधाताई मिळून लिहू. ससे गाळले आहेत.

आईला मसुदा वाचून दाखवला. “यातले मला काही मिळायचे नाही ना?” असे तिने विचारले. नाही म्हणाले. तिने सहीसाठी पेन मागितले. कंपवातात अक्षर बारीक होत जाते, त्यामुळे तिची सही आता मुंगीएवढी येते, पण ती पहिली आहे.

खडूस_पेठकर | सोमवार, रात्री ९.२५

दुसऱ्या परिच्छेदात ‘भरीव तरतूद’ असे काही असेल, तर ते काढावे. प्रत्येक निवेदनात ती असते आणि ती पाहिली की वाचणारा पान उलटतो. तक्त्याच्या मागणीला माझी सही आहे, दहा वर्षांच्या हमीबद्दल माझे मत राखून.

अपर्णा_कोथरूड | सोमवार, रात्री ९.४०

होती. काढली. सह्या बुधवारी संध्याकाळी पाच ते सात, संघाच्या वाचनालयात. मत राखून सही करायला वेगळा रकाना नाही, पेठकरकाका. समासात लिहावे लागेल.